वन्संची बर्फावरची मुलगी

द्वारकावन्सं गेल्या त्या दुपारी मी ह्यांच्या शाळेत निरोप पाठवला. हे इंग्रजीचा तास घेत होते. तसेच धावत आले, हातातला खडूसुद्धा ठेवला नव्हता. पण तोवर सगळं आटोपलं होतं... महिना होत आला त्याला.

वन्सं ह्यांची धाकटी बहीण. बार्शीला दिली होती. मूल होईना म्हणून नवऱ्याने दुसरी केली आणि चार दिवस माहेरपणाला म्हणून वन्संना सोलापूरला आणून सोडलं, ते कायमचंच. दिवसभर राबायच्या, बोलणं असं नाहीच. मग एकदा ह्यांनी शाळेच्या वाचनालयातून रद्दीत निघालेलं विलायती सचित्र साप्ताहिक आणलं. त्यात बुटांना पोलादी पाती लावून बर्फावर नाचणाऱ्या एका मुलीचं चित्र होतं. एक पाय मागे उचललेला, दोन्ही हात पसरलेले. वन्सं किती वेळ बघत बसल्या! "दादा, हिला कुणी काही म्हणत नाही?" ह्यांनी वाचून सांगितलं, की तिकडे अशा नाचाच्या स्पर्धा होतात, परीक्षक गुण देतात, आणि ही मुलगी दुसरी आली. "दुसरी का?" वन्संनी एकदम विचारलं. त्या दिवसापासून ती मुलगी त्यांची झाली.

साप्ताहिक बोटीने यायचं आणि आमच्या घरी त्याहूनही उशिरा. तिकडचे लोक हारजीत विसरूनही गेले असतील, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात तिचं सुतक पडायचं. ती पुन्हा मागे पडली की वन्सं जेवायच्या नाहीत. "परीक्षकांना डोळे नाहीत का?" म्हणत भाकरी थापता थापता रडायच्या. मला कधी कधी रागही यायचा. एका वर्षी मात्र ती पहिली आली. वन्संनी आळीभर साखर वाटली. शेजारच्या विणकरांची रामक्का साखर घेत म्हणाली, "काय ओ, नांदायला बोलावनं आलं का काय?"

"नाही हो," वन्सं हसल्या, "आमची पोरगी जिंकली."

रामक्का माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वन्संना इतकं हसताना मी तेव्हाच पाहिलं. पुन्हा नाही.

यंदा उन्हाळ्यात त्यांना विषमज्वर झाला. ताप उतरेना. डॉक्टरांनी कपाळावर बर्फ ठेवायला सांगितलं. लाकडाच्या भुशातून आणलेला तुकडा मी धुऊन दिला, तर त्यांनी तो मुठीतच धरला. बोटं लाल झाली तरी सोडेनात. "वहिनी, हा एवढा कठीण असतो? आणि ती ह्यावर..." त्याच आठवड्यात साप्ताहिक आलं. चित्र बघितल्यावर हे वाचल्यासारखं करत म्हणाले, "पहिली आली गं, द्वारका." वन्संनी हात पुढे केला. द्यावंच लागलं. ती मुलगी बर्फावर पडली होती, एक हात टेकलेला, मान खाली.

"पुढं काय लिहिलंय, दादा? उठली का?"

ह्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. पडली, एवढंच छापलं होतं.

"उठली, वन्सं," मी म्हणाले. "उठल्याशिवाय कशी राहील?"

"तुम्हाला इंग्रजी कुठं येतं, वहिनी..." असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग तापात तेच एक लागून राहिलं. उठली का? कुणी हात दिला का तिला? मी पाण्याच्या घड्या बदलत होते आणि त्या मलाच विचारत होत्या. शुद्ध हरपेपर्यंत विचारत होत्या.

परवा हे शाळेतून आले ते पुढचा अंक घेऊन. सवयीने "द्वारका" म्हणून हाक मारली आणि उंबऱ्यातच थांबले. मी अंक त्यांच्या हातातून घेतला. वन्संची खाट होती तिथे जमिनीवर बसून आम्ही दोघांनी एकेक पान उलटलं. बर्फावर आता वेगळीच मुलगी होती, हातात चषक, तोंडभर हसू.

"आपल्या पोरीचं काही आहे का हो?" मी विचारलं.

ह्यांनी अंक मिटला, आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.