बदली डॉक्टरांचा निम्मा खर्च

महाडपासून पोलादपूरपर्यंत असा एकही दवाखाना नसेल ज्याच्या खुर्चीत आमचे बदली डॉक्टर बसलेले नाहीत, आणि असा एकही कागद नसेल जो त्यांनी आम्हाला वेळेवर आणून दिला आहे. हे मी रागाने म्हणत नाही. म्हणजे, थोडं रागाने म्हणते. कॉमर्सच्या शेवटच्या वर्षापासून मी दुपारची महाडच्या एका कर सल्लागारांकडे कामाला जात असे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. इन्कम टॅक्स हा शब्द आमच्या वाडीने फक्त टीव्हीवर, धाडीच्या बातमीत ऐकलेला. कामाला लागून आठवडा झाला नसेल, तेव्हा सल्लागार सरांनी एक्सरेचं एक फुगलेलं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे डॉक्टर आजपासून तुझे. माझं बीपी यांनीच वाढवलं आणि गोळ्याही हेच देतात." पाकिटात एक्सरे नव्हता. पेट्रोलच्या पावत्या, औषध कंपन्यांच्या पॅडवर लिहिलेले रोजाचे आकडे, कुठल्याशा पेशंटची राहिलेली चिठ्ठी आणि एक बेलाचं पान, एवढ्यातून मला एका माणसाचं वर्ष उभं करायचं होतं.

बदली डॉक्टर म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. एखाद्या डॉक्टरच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाला स्वतःचाच बायपास करायचा असला, की दवाखाना बंद पडू नये म्हणून यांना बोलावणं जातं. हे स्कूटरवरून येतात, पंधरा दिवस त्या खुर्चीत बसतात, रोजावर पैसे घेतात आणि निघून जातात. पगार नाही, फंड नाही, भरपगारी रजा तर नाहीच. या भागातल्या डॉक्टरांच्या घरची कितीतरी लग्नं यांच्यामुळे सुरळीत पार पडली. पण त्यातल्या एकाही लग्नाला यांना जाता आलं नाही, कारण अक्षता पडत असताना हे नवरीच्या बापाच्या खुर्चीत बसून कुणाचा तरी घसा बघत असत. आणि ज्याची खुर्ची, त्याच्यासारखे हे वागत. एक डॉक्टर पेशंटवर खेकसणारे म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या जागी बसले की हेही खेकसायचे. दुसरे हळू बोलणारे, तर तिथे यांचं बोलणं ऐकायला पेशंटला पुढे वाकावं लागे. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "आधीच माणूस आजारी, त्यात डॉक्टरही नवा. निदान ओरडणं तरी ओळखीचं असावं."

अशा माणसाचे कर सांभाळणं म्हणजे काय असेल, याची कल्पना करा. कुठल्या दवाखान्याने कर कापून पैसे दिले, कुणी न कापता दिले, हे त्यांना कधी आठवत नसे. कुणाचे पैसे कुठल्या बँकेत आले, हे बँकेलाच विचारावं लागे. पॅनकार्ड मागितलं, तर स्कूटरच्या डिकीतून काढून दिलं. त्याने ते चाकाचा चिखल खरवडत असत. ओटीपी आला की एकेक आकडा इतक्या सावकाश सांगायचे, की शेवटच्या आकड्यापर्यंत त्याची मुदत संपलेली असे. मला ते "मॅडम" म्हणत आणि पुढे "तू" लावत. "मॅडम, तू चिडू नकोस, दुसरा येईल," असं म्हणून ते खरोखरच दुसऱ्या ओटीपीची शांतपणे वाट बघत, जणू एसटीची.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. सहन झाला नाही तो निम्मा खर्च. डॉक्टर, वकील अशा लोकांना हिशेबाच्या वह्या ठेवण्याचा त्रास नको म्हणून सरकारने एक सोय केली आहे. वर्षाची जमा सांगायची. त्यातला निम्मा भाग धंद्याच्या खर्चात गेला असं सरकार धरून चालतं, आणि उरलेल्या निम्म्यावर कर घेतं. खर्चाची बिलं कुणी मागत नाही. आमच्याकडे येणारे सगळे हे ऐकून हसत आणि चहा मागवत. बदली डॉक्टर हसले नाहीत. त्यांचा धंद्याचा खर्च म्हणजे स्कूटरचं पेट्रोल आणि गळ्यातला स्टेथोस्कोप. "आणि माझा निम्मा खर्च झालाच नसेल तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सर, कुणी बघायला येत नाही. "म्हणूनच तर," ते म्हणाले. "बघायला येणार असते तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी विश्वासावर सोडलंय." मग मी सुचवलं, की नफा निम्म्याहून जास्त झाला तर तसा दाखवायची मुभा आहे, थोडा जास्त कर भरा आणि मोकळे व्हा. तेही त्यांना पटलं नाही. दिल्लीत शहाण्या माणसांनी बसून निम्मा आकडा काढला, तो पोलादपूरच्या एका माणसापायी चुकला असं व्हायला नको, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा उपाय एकच राहिला. खर्च करायचा.

मार्च लागला, की सगळं गाव जिथे पैसे वाचवायच्या मागे असे, तिथे आमचे डॉक्टर ते धंद्याच्या कामी घालवायच्या मागे लागत. बीपी मोजायची यंत्रं, वाफेची यंत्रं, वजनकाटे, थर्मामीटर ते आणत आणि गावोगाव वाटून टाकत, कारण त्यांना स्वतःला तर दवाखानाच नव्हता. निम्मा झाला का, हे मी बेरीज करून सांगेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. एकदा बेरीज जुळेना. एक बिल यंत्राच्या खोक्यात राहिलं होतं आणि खोकं गेलं होतं डोंगरावरच्या कुडपण गावातल्या एका दुकानात. मला त्या बिलाची काडीची गरज नव्हती, पण डॉक्टरांचं तोंड बघवेना म्हणून मी जीपने वर गेले. दुकानात एक म्हातारी बसली होती. मी काही विचारायच्या आत तिने माझा दंड धरून पट्टा गुंडाळला. आल्या गिऱ्हाइकाचं बीपी मोजल्याशिवाय ती आता वाणसामान देत नसे. "वरचा आकडा लय हाय गो तुझा," ती म्हणाली, "येवढ्या वयात कसली चिंता करतंस?" मी म्हटलं, आजी, बिलाची करतेय. खोक्यात बिल होतं ते कुठाय? "त्यात काल हिंगाची पुडी बांधून दिली. पण फरसाण नाय मिळायचा तुला, मीठ असतं त्यात." मी बिल न घेता, फरसाण न खाता, वाढलेलं बीपी घेऊन खाली आले.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात कुडपणच्या उतारावर डॉक्टरांची स्कूटर घसरली आणि पाय मोडला. ज्यांच्या खुर्चीत ते अनेकदा बसले होते, त्याच डॉक्टरांनी फुकट प्लास्टर घातलं. बाकीचे डॉक्टर फळं घेऊन भेटायला आले आणि प्रत्येकाने जाताना सांगितलं, की लवकर बरे व्हा, दिवाळीत आम्हाला केरळला जायचंय. मी रिटर्नच्या कामाला त्यांच्या खोलीवर गेले. पोलादपूरच्या स्टँडमागे एक भाड्याची खोली, भिंतीला टेकवलेल्या कुबड्या, आणि शेजारच्या बाईंनी झाकून ठेवलेलं ताट. बोलता बोलता कळलं, की घरमालकाला त्यांनी भाड्यासाठी थांबायला सांगितलंय. मी तिथेच मनात हिशेब मांडला. निम्मा सरकारचा अंदाज खरा करण्यात जात होता. उरलेल्यातून भाडं, खाणावळ, कर. मागे काहीच राहत नव्हतं. बायको नाही, मुलं नाहीत. आज पाय मोडला होता, तो जुळेल. उद्या हात थरथरायला लागले, तर या माणसाच्या जागी कोण बसणार? माझे बाबा एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहेत. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी नाही. पण आमच्या घरातसुद्धा आईची भिशी आहे. मला इतका राग आला, की मी ताटावरचं झाकण नीट केलं आणि निघून आले.

पुढे सीएच्या इंटरचा निकाल लागला आणि आर्टिकलशिपच्या उमेदवारीसाठी पुण्याला जायचं ठरलं. जाण्याआधी मी एक बेत केला. हा माणूस कुणाचं ऐकत नाही, फक्त कायद्याचं ऐकतो; तर मग कायदाच सांगावा. प्लास्टर निघालं होतं, ते काठी घेऊन खोलीतल्या खोलीत फिरत होते. मी म्हटलं, "सर, नवीन नियम आलाय. ज्यांचं स्वतःचं काम आहे, त्यांनी उरलेल्या निम्म्यातला काही भाग दर महिन्याला पोस्टात टाकायलाच लागतो."

ते येऊन खाटेवर ताठ बसले. "कधीपासून?"

"यंदापासून."

"कलम कुठलं?"

एखादा आकडा ठोकून द्यायचा होता, एवढंच. पण परीक्षेसाठी मी कलमं पाठ केली होती. ज्या आकड्यावर जीभ जाई, तिथे आधीच एक खरं कलम बसलेलं असे. माझे कान तापले.

"कलम नाही, सर. नियमही नाही. मीच सांगतेय."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "म्हणजे नाही भरलं तर दंड नाही?"

"नाही."

"नोटीस?"

"नोटीस कोण पाठवणार, सर? मी पुण्याला चाललेय."

"बिनदंडाचं मला कुणी काही सांगितलेलं आठवत नाही," ते म्हणाले, आणि उठून खुंटीवरचा शर्ट काढला.

तसेच आम्ही पोस्टात गेलो. आरडीचा फॉर्म मी भरला, त्यांनी सही केली. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, नॉमिनी कोण? डॉक्टर छताकडे बघायला लागले. मग म्हणाले, "कायमचं असं कुणी नाही. सध्या बदली म्हणून हिचं नाव घाला. कुणी भेटलं की हिला मोकळं करू." बाई हसल्या. मला हसू आलं नाही. "आणि नातं काय लिहू?" बाईंनी विचारलं, पण तोवर बाकड्यावर कुणीतरी खोकलं होतं आणि डॉक्टर काठी टेकत तिकडे गेले होते. बाई पेन धरून माझ्याकडे बघत राहिल्या. एवढे फॉर्म भरले, पण त्या रकान्यापाशी मला काही सुचेना. मागची रांग कुरकुरायला लागली, तेव्हा त्यांनी स्वतःच काहीतरी लिहिलं आणि शिक्का मारला. काय लिहिलं, ते मी विचारलं नाही.

आता मी पुण्यात असते. महिन्याच्या सुरुवातीला त्यांचा फोन येतो. "भरले," एवढंच सांगतात. मग यंदाच्या मार्चमध्ये काय घ्यावं यावर बोलतात, मी चिडते, आणि ते फोन ठेवतात. कायमचं कुणी भेटलं, असं अजून त्यांनी म्हटलेलं नाही. मीही विचारत नाही.