आबांचं खरं रडणं

आबा गेले हे सांगायला फोन केला, तर पलीकडून मामा हसले.

त्यांचा दोष नाही. माझे आजोबा, पप्पांचे वडील, म्हणजे आबा, काळ्यापांढऱ्या सिनेमातले कॉमेडियन. त्यांचं नाव घेतलं की लोकांना आधी हसू फुटायचं, बाकीचं मागून.

गेले होते मात्र हिरो व्हायला.
घरात न सांगता चितेगावहून कोल्हापूर गाठलं. स्टुडिओच्या गेटवर पिशवी चोरीला गेली म्हणून रडत बसले, तर अख्खं युनिट पोट धरून हसलं.

रडताना त्यांचा खालचा ओठ लोंबायचा, एक भुवई कपाळात जायची आणि कान हलायचे.
डायरेक्टर म्हणाला, "उद्यापासून ये. असाच रड."

मग काय, नोकर, चोर, पळपुटा नवरदेव. सिनेमा कुठलाही असो, आबा रडायचे आणि पब्लिक हसायचं.
एकदा हट्टानं मरायचा सीन मागून घेतला. थेटरात त्यावर शिट्ट्या पडल्या.

कलर सिनेमा आला आणि आबा घरी आले. "मी काळ्यापांढऱ्यातच गोरा दिसायचो," म्हणायचे. दोस्त हबीबचाचांसोबत पैठण रोडला पिठाची गिरणी टाकली.

पण चेहऱ्यानं पाठ सोडली नाही.
भावकीत एक मयत झाली. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि खांदेकरीच फिदीफिदी हसायला लागले. तिरडी हलली.

तेव्हापासून लोकांनी हात जोडले. "आबा, तुमी मयतीला येऊ नका. घरूनच नमस्कार करा."

आबा वरवर हसायचे, पण लई लागलं होतं त्यांना. आपलं रडणं कुणीतरी खरं मानावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

मग हबीबचाचांची बायको गेली.
चाची दर ईदला आबांसाठी शिरखुर्मा वेगळा काढून ठेवायच्या. तरी आबा दाराबाहेरच उभे राहिले.
आत चाचा जेवणाला हात लावेनात. आमच्या घरून गेलेला डबा तसाच.

शेवटी चाचाच म्हणाले, "उसकू अंदर बुलाओ."

आबा आत गेले. ओठ लोंबलेला, कान हलतायत.
"हबीब, मैं सच्ची में रो रा हूँ."
"मालूम है रे. मेरेकू नै मालूम होगा तो किसकू?"

आणि चाचा खो खो हसले. मग गळ्यात पडून रडले. मग दोघं एका ताटात जेवले.

ही गोष्ट पसरली. त्यानंतर कुणाच्या घरी मयतीनंतरचा कडू घास उतरेना झाला, की आबांना घ्यायला गाडी यायची.

आज तो घास आमच्या घरी होता.
चाचांच्या घरून पिठलं-भाकरी आली. कुणी हात लावेना. पप्पांचे डोळे तर सकाळपासून कोरडे. वाळूजच्या कंपनीत आयुष्यभर सुपरवायझर, त्यांना रडताना आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

चाचा त्यांच्याजवळ टेकले. "रो ले बेटा."

पप्पा रडले.
ओठ लोंबला. एक भुवई कपाळात गेली. कान हलले.

आधी आई हसली. मग आत्या. मग चाचांनी तोंडावर रुमाल धरला.
पप्पा हुंदके देत सगळ्यांकडे बघत राहिले आणि शेवटी स्वतःच हसले.

आबा, सगळे जेवले. पप्पांनी तर आणखी एक भाकरी मागून घेतली.

आम्ही हसलो, पण त्यांचं रडणं खरं होतं. तुमचंही प्रत्येक वेळी खरंच होतं.

या आता. श्रद्धांजली वाहते, हसू आवरेल तशी.