बाकाचा नमुना

कुरुळीतल्या माझ्या छोट्या वर्कशॉपला पहिलंच सरकारी टेंडर लागलं, शाळेच्या बाकांचं. दर माझाच सर्वांत कमी होता. आधी एक नमुना द्यायचा होता. छाप पाडायच्या हौसेने मी त्याचे कोपरे गोल घासले, वर तीन हात पॉलिश चढवलं. साहेब खूश झाले आणि त्यांनी नमुना सील करून ठेवून घेतला.

पुढचे बाक मात्र मी त्या दरात परवडतील तसे केले. तपासणीत सगळे नापास! माल मंजूर नमुन्यासारखाच हवा, नाहीतर ऑर्डर रद्द आणि अनामत जप्त.

शेजारचा जुना पुरवठादार पोट धरून हसला. "राव, नमुना पार लग्नाच्या फोटोतल्या नवऱ्यासारखा केलास! आता रोज तसंच दिसायला लागणार."

मी साहेबांना विचारलं, "जरा वाईट नमुना आणून दिला तर?"

"द्या की. पण त्यासाठी टेंडर नव्याने काढावं लागेल."

सर्वांत कमी दरात इतका चांगला माल सरकारला मिळतो तरी कसा, याचं मला कायम कुतूहल होतं. नफ्यावर पाणी सोडून कोपरे घासायला बसलो, तेव्हा ते शमलं.

शेजारी डोकावला. "भावा, एवढ्या गुळगुळीत बाकावर पोरं झोपतील की!"