एक पायरी खाली

माझ्या औषधाच्या दुकानाला लागून एका बाईचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिचं माहेर धानाच्या शेतीतलं बपेरा गाव, सासर तुमसरचं. गिऱ्हाईक नसलं की ती मोबाईलवर चौघांच्या टोळीने लढायचा खेळ खेळते. खेळायच्या आधी चप्पल काढून ठेवते, धानाच्या चिखलभरल्या बांधीत उतरावं तशी.

त्या खेळात प्रत्येकाचा दर्जा यंत्र ठरवतं. जिंकलं की वर, हरलं की खाली, आणि गाठ घालून देतं ती बरोबरीच्यांशीच. कोण कोणासाठी थांबलं, हे ते मोजत नाही.

परवा सगळ्यात वरच्या दर्जाला पोहोचायला तिला एकच विजय हवा होता. मी गल्ला सोडून तिच्या पाठीशी उभा. लपून बसली असती तरी जिंकली असती. पण टोळीतला कोणी अनोळखी गडी जखमी होऊन पडला आणि ही त्याला उठवायला मागे पळाली. दोघंही बाद झाले. दर्जा घसरला.

"काहून गेली वं मांगं?" मी ओरडलोच.

"धानाच्या रोवणीत एखादी बाई मांगं राह्यली, तं तिले सोडून बांधावर जातेत का, भाऊ? वापस जाऊन तिच्यासंग रोपं लावा लागते."

तेव्हापासून माझ्या गिऱ्हाइकांना मीच छाती फुगवून सांगतो, "हे पाहा, आमची चॅम्पियन!"

काल विचारलं, खालच्या दर्जात करमते का? चप्पल काढत ती म्हणाली, "बरंच झालं, भाऊ. इथं पडणारे जास्त आहेत."