दवाखान्याच्या कपाटातल्या टेपा

भोईरबाई संगणकाच्या खोलीत शिरण्याआधी नळावर पाय धुऊन कोरडे पुसत. नव्या माणसाला वाटे, बाई यंत्राला देव मानतात. त्या चिडत. "द्येव कसला? धूळ आत गेली तर डिस्क मरंल, म्हून धुते." दसऱ्याला मॅनेजर उदबत्ती घेऊन आले, तेव्हा बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "सायेब, पूजा भायेर. धूर आत नाय." मॅनेजरांना नारळ उंबऱ्याबाहेरच फोडावा लागला. ते त्यांनी लक्षात ठेवलं असावं.

खोपोलीतला आमचा पोलादी तारेचा कारखाना. ऐंशीनंतर तिथे कपाटाएवढा संगणक आला आणि त्याच्यामागोमाग मी, नवाकोरा इंजिनिअर. बाई लोधिवलीच्या. नवरा भट्टीवर भाजून गेला, त्याच्या जागी त्यांना घेतलेलं. शिक्षण सातवी, हुद्दा मदतनीस. पण टेपा सगळ्या त्यांच्या ताब्यात. दर शनिवारी डिस्कवरच्या मजकुराची नक्कल टेपांवर उतरवायची, ती परत वाचून पाहायची, मगच कपाटात ठेवायची. टेप फिरू लागली की बाई डोळे मिटून ऐकत बसत. "ही रडतेय," म्हणत एखादी बाजूला काढत, आणि ती खरंच खराब निघे. मी मात्र मित्रांपुढे त्यांच्यासारखे डोळे मिटून दाखवायचो आणि सगळ्यांना हसवायचो.

त्यांची एक सवय नियमात बसणारी नव्हती. टेपांची दुसरी प्रत त्या कारखान्याच्या दवाखान्यातल्या लोखंडी कपाटात ठेवत. खोलीबाहेर टेप न्यायला सक्त मनाई होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "हितलं छप्पर गळतंय सायेब. समदं एकाच जागी कसं ठेवायचं?" दोनदा त्यांचे हात भरलेले होते म्हणून मीच त्या टेपा दवाखान्यात पोचवल्या होत्या.

मग डिस्क भरली. रोज दुपारी यंत्र अडायचं; काहीतरी पुसून जागा केली की पुन्हा चालायचं. शेवटी पुण्याहून चौपट मोठी डिस्क आली. यंत्राला एका वेळी एकच डिस्क जोडता येई. म्हणून जुनीवरचं सगळं, यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमपासून कामगारांच्या नोकरीच्या नोंदींपर्यंत, तीन टेपांवर उतरवायचं, नवी डिस्क बसवायची आणि टेपांवरून तिच्यात भरायचं. जुनी कोरी करून पुण्याला परत पाठवायची होती. तिच्यासाठी टेंपो फाटकात उभा होता.

खोलीतल्या कपाटातल्या शनिवारच्याच टेपांवर नवी नक्कल लिहून झाली. बाई म्हणाल्या, "आता वाचून बगू."

"दोन तास जातील. टेंपोवाला थांबणार नाही."

"थांबंल. मी त्याला च्या पाजते."

मी ऐकलं नाही. जुनी डिस्क मी माझ्या हाताने कोरी केली आणि टेंपोत चढवली.

नवी डिस्क बसली. पहिली टेप नीट भरली गेली. दुसरी अर्ध्यावर अडली. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच. हजारभर माणसांची नोकरी त्या टेपेवर होती. तिसऱ्यांदा लावायला गेलो, तर बाईंनी मनगट धरलं. "हात लावू नको रं आता. बस तितं." एरवी मला साहेब म्हटल्याशिवाय हाक न मारणारी बाई. त्या दवाखान्यात गेल्या आणि मागच्या शनिवारच्या तिन्ही टेपा पदराखाली धरून आल्या. संध्याकाळी यंत्र सुरू झालं. मधल्या दिवसांच्या नोंदी बाईंनी कागदांवरून पुन्हा भरल्या.

चौकशी झाली, पण टेप वाचून का पाहिली नाही याची नव्हे. टेपा खोलीबाहेर गेल्याच कशा, याची झाली. मॅनेजरांनी बाईंसमोरच मला विचारलं, "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

मी म्हणालो, "नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माजंच काम हाय त्ये," एवढंच म्हणाल्या. त्यांना पॅकिंगच्या शेडमध्ये पाठवलं. मला नव्या डिस्कबद्दल शाबासकीचं पत्र मिळालं. त्या शेडवरून जावं लागू नये म्हणून पुढे मी कँटीनला लांबच्या वाटेने जाऊ लागलो.

काही वर्षांनी मी ती नोकरी सोडली. निघण्याआधी बाईंची माफी मागायची, असं ठरवून लोधिवलीला गेलो. बाईंनी अंगणात खाट टाकली, मुलीला हाक मारली. "ये गं, बग कोण आलंय. ह्ये आमचे इंजिनेर सायेब. लय हुशार." मुलगी बारावीला होती. तिने मला सरळच विचारलं, "आईला त्या खोलीतनं का काढलं? आई म्हणते, बदली झाली. खरं काय हो?"

शब्द ओठांवर आले होते. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"बदलीच होती," मी म्हणालो. "सगळ्यांचीच होते."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मुलीला म्हणाल्या, "ऐकलंस ना? जा, च्या ठेव."

निघताना त्यांनी वालाची पिशवी माझ्या हातात दिली. "शेतातले हायत. बायकोला सांगा, रातभर भिजत घाल म्हणावं." मला नको म्हणता आलं नाही. पिशवी घेऊन मी हायवेकडे चालू लागलो.