निंबाचं सुरतेला येणं

उखाचा थोरला भाऊ निंबा सुरतेला कधी आला नाही. गाव खानदेशात, तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळ, प्रवास काही तासांचा, पण त्याचं एकच म्हणणं, "तुमनी सुरतमा थंडी नही. शेकोटी नही ते मानसे बोलतस कोठे?" उखा सुरतेत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. थंडी पडली असती तरी लूमच्या खडखडाटात बोलणं ऐकू आलं नसतंच.

दिवाळीनंतर निंबा गावी वारला. पाऊस सरला की सुरतेत डासांचा हंगाम सुरू होतो. उखा तेव्हा तापानं फणफणला होता. बायकोनं, सरलाबाईनं, बातमी सांगितली ती ताप उतरल्यावर. आधी सांगितली असती तर नवरा तसाच उठून गेला असता, हे तिचं म्हणणं. ते खरं होतं, म्हणून उखाला तिच्यावर चिडताही आलं नाही. तो गावी पोचला तेव्हा अस्थी प्रकाशाला तापीत सोडूनही झाल्या होत्या.

मग त्याच्या लक्षात आलं, तापी सुरतेलाच येते.

हे त्यानं फक्त शेजारच्या लूमवरच्या वाल्मिकला सांगितलं. वाल्मिकला शुद्ध मराठीची आणि थट्टेची सारखीच हौस. "मध्ये उकाईचं धरण आहे, उखाभाऊ. दरवाजे उघडले तर येईल. नाहीतर कालव्यानं बारडोलीच्या उसात गेला असेल. साखर झाला म्हणा."

त्या दिवसापासून उखा बिनसाखरेचा चहा घेऊ लागला. डॉक्टरनं सांगितलंय, असं घरी म्हणाला.

हिवाळा आला, म्हणजे लोकांनी विकत घेतलेत म्हणून स्वेटर घातले. पतंग उडाले. उन्हाळ्यात नदी जलपर्णीनं झाकून गेली, पाणी वाहतंय की नाही कळेना. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटे, तेवढाच पर्वत पाटिया वस्तीतल्या त्यांच्या खोलीत जीव येई. आषाढात सुरतेत धो धो कोसळला, पण तो पाऊस उखाच्या कामाचा नव्हता. पडायला हवा होता खानदेशात. धरण भरून दरवाजे उघडू नयेत म्हणून अख्खं शहर देव पाण्यात घालून बसलेलं. उखाची मागणी उलटी. ती त्यानं कुणाला सांगितली नाही.

भादव्यात दरवाजे उघडले. नदीकाठी जाऊ नका, असं रिक्षावरचा भोंगा गुजरातीत सांगत फिरला. उखा निघाला. न विचारता सरलाबाईही निघाली, फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून. निंबाला तेच लागायचं.

पुलावर लोक मोबाईलवर पूर टिपत होते. खालून गढूळ पाणी झाडंझुडपं घेऊन समुद्राकडे धावत होतं. उखा कठडा धरून उभा राहिला.

"चलो काका, आगे चलो," हवालदार म्हणाला.

"भलती घाई व्हती त्याले," उखा बायकोला म्हणाला. "थांबना बी नही."

सरलाबाईनं फडकं सोडलं आणि भाकरी हळूच खाली पाण्यात सोडली.

घरी आल्यावर तिनं नेहमीसारखा चहा दिला. एक घोट घेऊन उखानं कप पुढे केला. "साखर टाक."

डॉक्टरचं काय, हे तिनं विचारलं नाही.