पराडकरांच्या परसातल्या दोन चुली

आनंदी पराडकरला नवरा आहे, हे मालवणच्या मेढा भागातल्या लोकांना तिच्या कपाळावरच्या कुंकवावरून आणि लग्न होऊन गेलेल्या दोन मुलींवरून माहीत होतं. नवरा सहसा दिसत नसे. परशुराम पराडकर मुंबईहून मोंबाशाला जाणाऱ्या आगबोटीवर बटलर होता. दोनएक वर्षांनी कधीतरी तो पडावातून बंदरावर उतरायचा, अंगणात आरामखुर्ची टाकून बसायचा, बायकोच्या हातचं चाटूनपुसून खायचा आणि पाहुण्याला शोभतील तेवढेच दिवस राहून परत जायचा. असा नवरा वाईट नव्हे. आनंदीला तरी त्यात काही उणं वाटत नसे.

जागा म्हणाल तर पदराएवढी. पुढे तुळस आणि चार माणसांचं अंगण; मागे विहीर, थोडे माड, आणि कोपऱ्यात नारळाची सोडणं आणि माडाची चुडतं साठवायची खोपी, म्हणजे मांगर. पण त्या पदरात आनंदीने काय काय बांधून ठेवलं होतं. मोरीच्या पाण्यावर केळी आणि अळू. न्हाणीच्या कौलांवर दोडकीचा वेल. मिरचीची रोपं पाखरांनी जिथे बी टाकलं तिथे उगवायची, आणि आनंदी त्यांना वळसा घालून चालायची. शेजारच्या मयेकरांच्या बाजूला कुंपणाच्या गडग्याचे दगड येऊन-जाऊन ढासळले होते, ती सगळ्या आळीची वाट. बायका कढीलिंब तोडायला त्या वाटेने येत, न विचारता तोडत, आणि जाताना वाटीभर काहीतरी ठेवून जात. तुळसा मयेकर कढीलिंबाला म्हणून यायची आणि पेज पिऊन झाल्यावरच तिला कढीलिंबाची आठवण व्हायची.

छप्पन साली परशुरामची नोकरी संपली आणि तो कायमचा घरी आला. बरोबर दोन ट्रंका, तऱ्हेतऱ्हेचे तवे, पांढरे एप्रन आणि बोटीवरची एक पितळी घंटा. आळीने त्याचं कौतुक केलं. आनंदीने बांगड्याचं तिखलं केलं. परशुरामने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला की चव बरी आहे, पण तिरफळं जरा आधी पडली. आजवर त्या तिखल्याबद्दल तो एक अक्षर बोलला नव्हता. पाहुणा बोलत नाही. आता तो पाहुणा राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी एप्रन बांधून तो स्वतःच चुलीपुढे बसला. आनंदीला वाटलं, हौस आहे, दोन दिवसांत फिटेल. तिने ताटावर बसून तिखलं चाखलं. तिखलं उत्तम झालं होतं. खारट झालं असतं, करपलं असतं, तर तिला हसता आलं असतं, रागावता आलं असतं. चांगल्या तिखल्याचं माणसाने काय करावं?

महिनाभरात स्वयंपाकघर त्याचं झालं. मसाल्याच्या बरण्या उंचीप्रमाणे उभ्या राहिल्या. निखारे सारायचं खोरणं जिथे हाताला लागायचं तिथे आता लागेना. दुपारी जेवायच्या वेळी परशुराम घंटा वाजवायचा, चार वाजता पुन्हा वाजवायचा, तेव्हा चहा आणि माशाचे कटलेट. बोटीवर शेकडो माणसं त्या घंटेवर चालत होती, असं तो सांगे. इथे एकटी आनंदी होती, आणि ती समोरच बसलेली असे.

मग त्याची नजर परसाकडे वळली. परसात शिस्त नव्हती. दोरी ताणून त्याने वाफे आखले, त्यांत टोमॅटो, बीट आणि कोबी लावली, आणि जे रांगेत बसत नव्हतं ते उपटलं. पाखरांनी लावलेल्या मिरच्या गेल्या. मोरीपाशी चिखल होतो म्हणून अळू गेलं. शेवटी त्याने गडगा नीट रचून घेतला, वाट बुजवली आणि पुढच्या बाजूला कडीचं फाटक लावलं. माणसांनी माणसांसारखं पुढून यावं, असं त्याचं म्हणणं.

आनंदीला वाटलं, आता तरी आळी उठेल. इतकी वर्षं जिची वाट तुडवली तिची वाट बुजली, म्हटल्यावर तुळसा तरी दोन शब्द बोलेल. तुळसा पुढच्या फाटकातून आली, कडी लावून घेतली, परशुरामच्या हातचं टोमॅटोचं सार दोन वाट्या प्याली आणि आनंदीला म्हणाली, “नशीब काढलंस गो बाय. माझो घोव पाण्याचो तांब्यापण उचलूचो नाय.” बाकीच्या बायकांनीही तेच म्हटलं. कुणाच्या आवाजात हेवा होता, कुणाच्या आवाजात गंमत. नशीबवान आनंदी ओटीवर बसून रस्त्यावरच्या गाई बघत राहिली.

तिने उपाय केले नाहीत असं नाही. देवळात भजनाला जाऊन बसली; तिथे सगळ्याजणी आज परशुरामने काय रांधलं ते विचारत. वेंगुर्ल्याला धाकट्या लेकीकडे गेली. तिथे लेकीची सासू तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, की विहीणबाई, घरी सगळं ठीक आहे ना. चौथ्या दिवशी आनंदी परत आली. लेकीच्या घरी तर रोळीतले तांदूळसुद्धा तिला निवडू दिले नव्हते. आई दमून आलेली, तिने बसावं. बसून बसूनच ती दमली होती, हे कुणाला सांगणार?

चतुर्थी आली. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी. तो दिवस बायकांचा. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून हाताने खणून परसात लावलेलंच त्या भाजीत पडायचं. आनंदीकडे दरवर्षी मोठा टोप चढे. तुळसा भेंडी आणी, कुणी मक्याची कणसं, कुणी सुरण, आणि अळू आनंदीचं. त्या सकाळी आनंदी न्हाऊन, ओल्या केसांची गाठ मारून स्वयंपाकघरात आली तेव्हा टोप आधीच चढला होता. परशुराम एप्रन बांधून अळूचे देठ सोलत होता.

“ह्या अळू खंयचा?” तिने विचारलं.

“बाजारातला.”

“बाजारातला चलना नाय. थंय जमीन बैलान नांगरलेली आसता.”

परशुरामने एक देठ उजेडाकडे धरून निरखला. “ह्यात बैल खंय दिसता तुका?”

घंटा वाजली, बायका जमल्या, जेवल्या. अळू बाजारचं आहे हे सगळ्यांना कळलं होतं, कारण परशुरामने ते किती स्वस्तात मिळालं हे सर्वांना ऐकवलं होतं. व्रत मोडलं ही गोष्ट पहिल्या वाढपाला दोघीतिघींच्या घशाशी आली आणि दुसऱ्या वाढपाबरोबर पोटात गेली. तुळसाने तर अशी भाजी जन्मात खाल्ली नाही म्हणून सांगितलं, आणि सांगताना तिने आनंदीकडे पाहायचं टाळलं, एवढी लाज तिच्यात होती.

आनंदी उठली. तिने आपला जुना टोप, एक पळी, नारळ खवायची आडाळी आणि दोन मडकी उचलली. परशुरामने विचारलं, हे घेऊन कुठे.

“रांधूची खोली तुमची,” ती म्हणाली. “मांगर माझो.”

बायकांचे हात ताटात थबकले. पण ताटं कुणी अर्धी टाकली नाहीत.

मांगरात तिने तीन धोंडे मांडून चूल केली. लाकडं एका बाजूला सारून झोपण्यापुरती जागा केली. विहिरीच्या पलीकडे परशुरामची दोरी पोचली नव्हती. तिथे दगडांच्या फटीत एक मिरची आणि अळवाचा एक कांदा जीव धरून होता. तो तिने पाण्याच्या वाटेवर लावला. पहिल्या दिवशी तिने उकड्या तांदळाची पेज केली आणि खारातल्या आंब्याच्या फोडीबरोबर एकटीनेच खाल्ली. पेज थोडी पातळ झाली होती. तिला फार आवडली.

आळीत बभ्रा झाला. नवऱ्याने टाकलेल्या बायका मालवणला ठाऊक होत्या, घर सोडून गेलेलेही ठाऊक होते. पण घराच्या मागच्या दारातून बाहेर पडून मागच्याच परसात राहिलेली बाई कुणी पाहिली नव्हती. कुतूहल अनावर होऊन तुळसा तिसऱ्या दिवशी गडग्यावरून उडी मारून आली. हात कमरेला लावून तिने मांगर पाहिला, आनंदीला दोष दिला, आणि पेज प्याली. मग आणखी दोघी आल्या. पावसाळा सरेपर्यंत गडग्याचे दगड पुन्हा ढासळले. परशुरामने ते रचले, पुन्हा ढासळले. शेवटी त्याने नाद सोडला.

आता आळीची चंगळ झाली. सकाळी मागून येऊन आनंदीची पेज, कुळथाची पिठी, नाहीतर भाजलेला सुका बांगडा. चार वाजता घंटेला पुढून जाऊन परशुरामचे कटलेट. इकडे बसून तिकडच्याला नावं ठेवायची, तिकडे बसून इकडचीला. फुकट खाल्ल्याचं ओझं नको म्हणून प्रत्येकीने निरोप पोचवायचं काम आपणहून पत्करलं होतं. पेजेत मीठ कमी पडलं हे परशुरामला दुपारी कळे. कोबीला अळी लागली हे आनंदीला संध्याकाळी.

गुरुदास धुरी हा समोरचा शेजारी. कोर्टात पट्टेवाला होता, पण निवृत्त होताना न्यायाधीशाचा रुबाब बरोबर घेऊन आला होता. हा तंटा आपण मिटवणार असं त्याने जाहीर केलं. तो आधी परशुरामचं म्हणणं ऐकायला गेला आणि जेवून आला. मग आनंदीचं ऐकायला गेला आणि जेवून आला. काही मुद्दे स्पष्ट झाले नव्हते, म्हणून पुन्हा गेला. असं सगळं हिवाळाभर चाललं. गुरुदासच्या बायकोने शेवटी त्याला विचारलं की निकाल कधी, तेव्हा तो म्हणाला, घाईने दिलेला निकाल अन्याय असतो. त्याचं पोट सुटलं होतं.

आनंदीला हे सगळं दिसत होतं. आळी आपली नाही आणि त्याचीही नाही, ती टोपाची आहे, हे तिला पहिल्यांदा कळलं तेव्हा वाईट वाटलं. पुढे हसू येऊ लागलं. तिने वाढणं थांबवलं नाही. वाढण्याइतकं आपलं काहीतरी पुन्हा हातात होतं. मात्र ती आता पहिला घास स्वतः खाऊन मग वाढू लागली.

मांगराला धुरांडं नव्हतं. ओल्या सोडणांचा धूर कोंडे, आणि तिचे डोळे लाल होत. एकदा ती मासळीबाजारातून पेडवे घेऊन आली तर मांगराच्या चुडतांच्या छपरातून डब्यांच्या पत्र्याचं एक नळकांडं वर आलेलं, अगदी आगबोटीच्या धुरांड्यासारखं. परशुराम घरात होता. पत्रा कापून त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली तिला खिडकीतून दिसली. ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तुळसाला मात्र म्हणाली की नळकांडं तिरकं बसलंय. तुळसा त्या दिवशी कटलेटला लवकर गेली. दुसऱ्या दिवशी आनंदी विहिरीवर असताना कुणीतरी नळकांडं सरळ करून गेलं होतं.

अशी वर्षं गेली. लेकी आल्या, रडल्या, दोन्हीकडे जेवल्या, परत गेल्या. परशुरामची कोबी कधी गड्डा धरीना, टोमॅटो मात्र भरघोस येत; त्यांच्या टोपल्या सकाळी मांगराच्या दारात ठेवलेल्या सापडत, आणि आनंदी त्यांचं सार न करता चिंच-गूळ घालून भाजी करी, कारण सार त्याचं होतं.

साठ साल उलटून गेल्यावरची गोष्ट. आंब्याचा मोसम होता. दुपारी घंटा वाजली नाही. चार वाजताही वाजली नाही. फाटकाशी जमलेल्या बायका कुजबुजत परत गेल्या. आनंदी चुलीवर पेडव्यांचं सुकं परतत होती, आणि दारात सावली पडली. परशुराम उभा होता, एप्रनशिवाय. तो म्हातारा दिसत होता. एप्रनमध्ये ते कळत नसे.

तिने पाट सरकवला नाही, जा असंही म्हटलं नाही. त्याने वर नळकांड्याकडे पाहिलं.

“आज माका रांधूचो कंटाळो इलो,” तो म्हणाला.

आनंदीने सुकं एकदा खालीवर केलं. “माका रोज येयचो,” ती म्हणाली. “कोणी इचारूक नाय.”

बोटीवर शेकडो माणसं परशुरामच्या घंटेवर जेवली होती, पण रोज रांधणाऱ्याला कंटाळा येतो, हे त्याला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आणि जिने सांगितलं असतं तिला त्याने आरामखुर्चीतून कधी विचारलं नव्हतं. तो दाराबाहेर, जिथे तुळसा बसायची तिथे, जमिनीवर बसला. तिने त्याला वाढलं. तिरफळं आधी पडली होती की नंतर, ते तो बोलला नाही. भात दोनदा मागून घेतला.

जेवण झाल्यावर तो उठायला लागला तेव्हा तिने त्याच्या ताटाकडे बोट केलं. मांगरात जेवणारा प्रत्येकजण आपलं ताट आपण धुवून जाई, तुळसासुद्धा. परशुरामने ताट उचललं आणि विहिरीवर गेला. गडग्यापलीकडे मयेकरांच्या परसात तुळसाच्या हातातलं धुणं तसंच राहिलं. रस्त्यावरून चाललेला गुरुदास धुरी फाटकाशी थांबला. इतक्या दिवसांचा खटला आपल्याला न विचारता निकालात निघतोय, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

परशुरामने राखेने ताट घासलं, विसळलं आणि आणून तिच्यापुढे धरलं. आनंदीने ते उलटं करून पाहिलं आणि परत त्याच्या हातात दिलं.

“भायरसून पण घासा,” ती म्हणाली, आणि उरलेलं सुकं तुळसासाठी वाटीत काढायला लागली.